वेध लागणे, वेध घेणे

(स्मृतिव्याख्यानमालेतील व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला भरते त्या गुरुजींनी मला एकच वर्ष शिकवलं, सातवीचं. त्या वर्षात त्यांनी फळ्यावर काय काय लिहिलं हे आज विचारलंत तर सांगता येणार नाही. पण १६ फेब्रुवारी १९८० ची दुपार लख्ख आठवते. शनिवार होता, अमावास्या होती आणि सूर्यग्रहण होतं. अंकोल्याहून रायचूरकडे जाणाऱ्या पट्ट्यात ते खग्रास दिसणार होतं. आमचं गाव त्या पट्ट्याच्या उत्तरेला. आमच्या वाट्याला खंडग्रास, पण चांगलं घसघशीत.

घरात सकाळपासून वेध पाळले जात होते. पाण्याच्या घागरीत, दुधाच्या पातेल्यात, लोणच्याच्या बरणीवर तुळशीची पानं पडली होती. विळी, सुरी, कात्री, सुई-दोरा सगळं आजीने फडताळात टाकून कडी घातली होती. काकूला सातवा महिना होता. तिला माजघरात चटईवर सरळ निजवलं होतं. हातपाय मुडपायचे नाहीत, कूस बदलायची नाही. मग आजीने पितळी परात आणली, तिच्यात तांब्याभर पाणी ओतलं आणि कांडणाचं मुसळ परातीत उभं केलं. हात काढून घेतला. मुसळ उभंच. "ग्रहण आहे तोवर पडायचं नाही," आजी म्हणाली.

मी परसदाराने निसटले, कारण गुरुजींचा निरोप होता. शाळा बंद आहे, पण ज्याला यायचं त्याने यावं. आम्ही नऊजण होतो. गुरुजींनी घरून दाढीचा आरसा आणला होता. त्यावर काळा कागद चिकटवून मधोमध हरभऱ्याच्या दाण्याएवढं भोक पाडलं होतं. आरसा पटांगणात उन्हात खुर्चीला टेकवला आणि त्याचा कवडसा वर्गाच्या आतल्या भिंतीवर पाडला. आरशापासून भिंतीपर्यंत सुमारे दहा मीटर. भिंतीवर वाटीएवढा, नऊएक सेंटिमीटरचा गोल उमटला. मला वाटलं, भोक गोल आहे म्हणून कवडसा गोल. पण थोड्या वेळाने कवडशाची कड कुणी कुरतडल्यासारखी दिसू लागली, आणि कागदातलं भोक तर होतं तसंच होतं! भिंतीवर दिसत होता तो सूर्यच होता. पृथ्वी फिरत असल्यामुळे तो भिंतीवरून सरकत होता आणि आम्ही कोळसा घेऊन त्याच्या मागे पळत होतो. दर पाच मिनिटांनी गुरुजी घड्याळ बघून "हं!" म्हणत, की आम्ही त्याची आकृती गिरवायची. शेवटी त्या पांढऱ्या भिंतीवर सूर्यांची एक माळच तयार झाली. आधी पूर्ण, मग चावलेला, मग कोर, आणि पुन्हा भरत गेलेला.

संध्याकाळी घरी आले तेव्हा आजीने मुसळाला बोट लावून ते आडवं केलं होतं आणि "सुटलं गं बाई" म्हणत घरभर आंघोळींची गडबड चालली होती. मुसळ माझ्या डोक्यातून जाईना. दोन दिवसांनी दुपारी सगळे निजले असताना मी परात काढली, पाणी घातलं, मुसळ उभं केलं. उभं राहिलं. पाणी ओतून टाकलं, कोरड्या परातीत उभं केलं. तरी उभं राहिलं. आजीला उठवून दाखवलं. मला वाटलं, आता आजी चिडणार किंवा चकित होणार. तिने डोळे किलकिले करून बघितलं आणि म्हणाली, "मुसळ आहे ते. बूड सपाट आहे. उभं राहायचंच."

"मग ग्रहणात कशाला उभं करतेस?"

"अगं, दारं लावून बसलेल्या माणसांना बघायला काहीतरी नको का?"

श्रोतेहो, आज मी जे बोलणार आहे ते या उत्तराच्या भोवतीच फिरणार आहे.

*

आपल्या भाषेत एक शब्द आहे, वेध. ग्रहणाचे वेध लागतात, म्हणजे पथ्यं सुरू होतात. पंढरपूरच्या काशिनाथ उपाध्यायांनी १७९० च्या सुमारास लिहिलेल्या धर्मसिंधूत त्याचा हिशेब आहे. सूर्यग्रहणाच्या आधी चार प्रहर, चंद्रग्रहणाच्या आधी तीन प्रहर जेवू नये. बालक, वृद्ध आणि आजारी यांना त्यात सवलत आहे. हे झाले लागणारे वेध. पण आपल्याला पावसाचेही वेध लागतात, आषाढात पंढरीचे लागतात, परीक्षा संपत आली की सुट्टीचे लागतात. इथे वेध म्हणजे ओढ. आणि तिसरा अर्थ, दुर्बीण लावून माणूस ताऱ्याचा वेध घेतो. त्या घराला आपण वेधशाळा म्हणतो.

क्रियापद बदललं की माणसाची जागा बदलते. वेध लागतात तेव्हा आपण दाराआड असतो. वेध घेतो तेव्हा उंबऱ्याबाहेर. त्या दुपारी आमच्या घरात वेध लागले होते आणि शाळेत आम्ही वेध घेत होतो. पण मधला अर्थ, ओढीचा, तो दोन्हीकडे होता. आजीचं मुसळ हा त्याचा पुरावा. आकाशाकडे बघायचं नाही असं ठरलेल्या घरातही कशाकडे तरी टक लावून बसायची गरज होती. म्हणून मी "परंपरा विरुद्ध विज्ञान" असा सामना आज लावणार नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की वेध घेण्याची रीत आपल्या परंपरेच्या आतच होती, आणि तिला जिवंत ठेवण्याचं मोठं काम ग्रहणानेच केलं.

आधी थोडं गणित उरकून घेऊ. चंद्र दर अमावास्येला सूर्याच्या दिशेला येतो, तरी दर अमावास्येला ग्रहण होत नाही. कारण चंद्राची कक्षा पृथ्वीच्या कक्षेशी सुमारे पाच अंशांनी कललेली आहे. चंद्राची कक्षा पृथ्वीच्या कक्षेच्या पातळीला जिथे छेदते ते दोन बिंदू म्हणजे आपले राहू आणि केतू. अमावास्या किंवा पौर्णिमा या बिंदूंच्या आसपास पडली तरच सावली नेमकी पडते. हे बिंदूही स्थिर नाहीत. ते उलट्या दिशेने सरकतात आणि सुमारे १८.६ वर्षांत एक फेरी पुरी करतात. म्हणून पंचांगात राहू-केतू कायम वक्री. मुंडकं तुटलेल्या राक्षसाला आपल्या ज्योतिर्विदांनी असं गणिताच्या कामाला लावलं आहे.

दुसरी गोष्ट मापाची. सूर्य आपल्यापासून स्वतःच्या व्यासाच्या जवळजवळ १०८ पट अंतरावर आहे. चंद्र सरासरीने स्वतःच्या व्यासाच्या सुमारे ११० पट. म्हणून दोघांची बिंबं आपल्याला सारखी दिसतात. चंद्र किंचित लहान पडतो तेव्हा कंकणाकृती ग्रहण होतं आणि जवळ असतो तेव्हा खग्रास. आता हा १०८ आकडा ऐकून तुमच्यापैकी काहींचा हात जपमाळेकडे गेला असेल. फोनवर तसा मजकूर फिरतोही. माझी विनंती आहे, थांबा. माळेतले मणी कुणी सूर्याचं अंतर मोजून ओवले याचा पुरावा कुठेही नाही. आकडा जुळला की नातं जुळलं असं होत नाही. गुरुजींच्या भिंतीवरही हाच आकडा होता. दहा मीटरवर नऊ सेंटिमीटरचा सूर्य, म्हणजे पुन्हा १०८ च्या जवळपास. त्या आकड्याला पुरावा होता. आम्ही तो कोळशाने काढला होता.

*

इ.स. ४९९ मध्ये आर्यभटांनी स्पष्ट लिहिलं की सूर्याला चंद्र झाकतो आणि चंद्राला पृथ्वीची सावली. पुढे वराहमिहिरांनी बृहत्संहितेत राहूच्या गोष्टीची चिकित्सा करून तेच कारण दिलं. पण ६२८ मध्ये ब्रह्मगुप्तांसारखा प्रतिभावान गणिती आर्यभटांवर तुटून पडला. राहू मानला नाही तर वेद-स्मृतींना बाध येतो, असा त्यांचा आक्षेप. गंमत म्हणजे त्यांच्याच ग्रंथात ग्रहण काढायची रीत आहे, आणि तिच्यात राक्षस कुठेही नाही, चंद्र आणि सावलीच आहेत. चार शतकांनी अल्बेरुनीने नेमकं यावर बोट ठेवलं. बोलताना एक आणि आकडेमोड करताना दुसरं, ही आपली जुनी सवय आहे. आजही राहूकाळ बघून निघालेला माणूस गाडीत जीपीएस लावूनच निघतो.

तरीही आकडेमोड खरीच करावी लागली, याचं श्रेय ग्रहणाला. विचार करा, पंचांगातली तिथी दोन घटका चुकली तर गावात कुणाला कळतं? शनी एका राशीतून दुसरीत कधी गेला हे कोण बघायला जातं? पण ग्रहण? पंचांगात लिहिलंय "स्पर्श अमुक वाजता" आणि आकाशात अर्ध्या तासाने काही नाही, तर शेंबडं पोरही हसेल. पंचांगातल्या सगळ्या विधानांत हे एकच विधान असं आहे, जे ज्योतिष न शिकलेला माणूस अंगणात उभा राहून तपासू शकतो. ग्रहण म्हणजे पंचांगाची जाहीर तोंडी परीक्षा.

ही परीक्षा कोकणातल्या एका घराण्याने फार गंभीरपणे घेतली. जंजिऱ्याजवळचं नांदगाव हे त्यांचं गाव. तिथल्या केशव दैवज्ञांनी पंधराव्या शतकाच्या अखेरीस स्वतः आकाशाचे वेध घेतले आणि ताडून पाहिलं की कोणत्या ग्रंथाचं गणित कुठे चुकतं. सिद्धान्त कितीही पूज्य असो, काळाने त्यात अंतर पडतं. म्हणून पुढच्यांनीही पुन्हा वेध घेऊन दुरुस्ती करत राहावं, असं त्यांचं मत होतं. आपल्यानंतर आपल्यालाही तपासा असं लिहून ठेवणारा पंडित! त्यांचे चिरंजीव गणेश दैवज्ञ यांनी शके १४४२ मध्ये, म्हणजे इ.स. १५२० मध्ये, ग्रहलाघव रचला. त्यात त्यांनी ज्या-कोज्यांची किचकट कोष्टकं टाळून साध्या गुणाकार-भागाकाराने काम होईल अशी सोय केली. पुढची तीन-चार शतकं देशाच्या मोठ्या भागात जोशी-गुरव त्या पोथीवर पंचांगं काढत राहिले.

आणि नेमकं तिथेच घोडं अडलं. सोय झाली की वेध थांबतात. पोथी पाठ झाली, आकाशाकडे बघणं राहून गेलं, आणि एकोणिसाव्या शतकात पंचांग आणि आकाश यांच्यातली फट पुन्हा दिसू लागली. केरो लक्ष्मण छत्र्यांनी युरोपातली नवी कोष्टकं वापरून नवं पंचांग सुरू केलं, ते पटवर्धनी पंचांग म्हणून ओळखलं गेलं. व्यंकटेश बापूजी केतकरांनी ज्योतिर्गणित लिहिलं. लोकमान्य टिळक या वादात पंचांगशुद्धीच्या बाजूने उभे होते. त्यावरून पुण्यात जी भांडणं झाली ती ऐकली की वाटतं, दोन बाजूंच्या सणांत एक दिवसाचा फरक पडणं हे त्या काळच्या माणसांना राज्य जाण्याइतकंच मोठं वाटत असावं. आज मात्र घराघरांतल्या पंचांगात छापलेली ग्रहणाची वेळ आधुनिक गणिताने काढलेली असते. वेध कधी लागतात हेसुद्धा आपल्याला न्यूटनच्या गुरुत्वाकर्षणावरून कळतं.

दापोलीजवळच्या मुरुडचे शंकर बाळकृष्ण दीक्षित हे या मंडळींमधलं मला सगळ्यात जवळचं नाव. शाळाखात्यातला माणूस. भारतीय ज्योतिषाचा इतिहास त्यांनी १८९६ मध्ये मराठीत लिहिला, इंग्रजीत नव्हे. त्याच वर्षी रॉबर्ट स्यूएल यांच्याबरोबर त्यांचं भारतीय कालगणनेवरचं इंग्रजी पुस्तक निघालं. त्याच्या परिशिष्टात रॉबर्ट श्राम यांनी भारतातल्या सूर्यग्रहणांची कोष्टकं दिली होती. ती कशासाठी? ताम्रपटांसाठी. आपले राजे ग्रहणाच्या पर्वकाळी स्नान करून जमिनी दान करत आणि ताम्रपटावर तसं कोरून ठेवत. राष्ट्रकूट, शिलाहार, यादव, कुणीही घ्या. राजाला हवं होतं पुण्य. इतिहासकाराला मिळाली तारीख. ताम्रपटातलं वर्ष, महिना, वार आणि ग्रहण कोष्टकाशी जुळलं की काळ पक्का होतो. जुळलं नाही तर प्रश्न पडतो, ग्रहण इथून दिसलं नसताना दान कसं झालं? ताम्रपट मागाहून केला की काय? खोटा दस्तऐवजही ग्रहणाच्या उजेडात पकडता येतो. ग्रहणाचा उजेड हा शब्दप्रयोग चुकून केलेला नाही.

*

आता एक कबुली. मी तीस वर्षं पदार्थविज्ञान शिकवलं आणि त्यातली पहिली बारा वर्षं वर्गात एक गोष्ट अभिमानाने सांगत आले. गोष्ट तुम्हालाही माहीत आहे. १८ ऑगस्ट १८६८ रोजी नॉर्मन लॉकियर या इंग्रज शास्त्रज्ञाने आपल्या विजयदुर्ग किल्ल्यावरून खग्रास सूर्यग्रहण पाहिलं आणि तिथेच हेलियमचा शोध लागला. किल्ल्यावर त्याचे ओटे आहेत, त्यांना लोक साहेबाचे ओटे म्हणतात. १८ ऑगस्टला तिथे हेलियम दिनही साजरा होतो. मी दोनदा मुलांची सहल नेली, त्या ओट्यांवर उभं करून फोटो काढले.

मग एकदा एका विद्यार्थिनीने विचारलं, "बाई, ऑगस्टात कोकणात सूर्य दिसतो?"

किती साधा प्रश्न! भर श्रावणात, विजयदुर्गाला, दुर्बीण लावून बसायचं? मी पुस्तकं काढली आणि चार दिवसांत माझ्या गोष्टीचे तुकडे झाले. १८६८ मध्ये लॉकियर भारतात आलेच नव्हते. ते लंडनला युद्धखात्यात कारकून होते आणि हौसेने आकाश बघत. त्या दिवशी भारतात वेध घेतले ते वेगळ्याच लोकांनी. फ्रान्सचे जूल जान्सेन आणि मेजर टेनंट गुंटूरला होते, मद्रास वेधशाळेचे पॉग्सन मच्छलीपट्टणला, त्याच वेधशाळेचे चिंतामणी रघुनाथाचारी वनपर्तीला, आणि लेफ्टनंट जॉन हर्शेल आपल्या पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानात. हर्शेल यांना तिथे ढगांच्या फटींतून सूर्य बघावा लागला. त्या विद्यार्थिनीची शंका अगदी रास्त होती.

यांच्यापैकी अनेकांनी वर्णपटदर्शकातून पाहिलं की सूर्याच्या कडेवरच्या लाल ज्वालांचा प्रकाश सलग पट्ट्यासारखा नसून सुट्या चकचकीत रेषांचा आहे. म्हणजे त्या ज्वाला तापलेल्या वायूच्या. त्यांत एक पिवळी रेषा होती. बहुतेकांना वाटलं, ही सोडियमची, मीठ जाळल्यावर दिसते तीच. जान्सेन यांना ग्रहण संपताना सुचलं की इतक्या तेजस्वी रेषा ग्रहणाशिवायही दिसायला हव्यात, आणि दुसऱ्या दिवशी भर उन्हात त्यांनी त्या पाहून दाखवल्या. हे माहीत नसतानाच २० ऑक्टोबरला लंडनमध्ये लॉकियर यांनी तेच केलं आणि ती पिवळी रेषा सोडियमच्या जोडरेषेच्या जागी नाही, थोडी बाजूला आहे, हे दाखवलं. दोघांची पत्रं पॅरिसच्या विज्ञान अकादमीत एकाच दिवशी वाचली गेली. त्या रेषेच्या मालकाला लॉकियर यांनी सूर्यावरून हेलियम हे नाव दिलं. तो पृथ्वीवर सापडला १८९५ मध्ये, विल्यम रॅमझे यांना, एका युरेनियमयुक्त खनिजात. सत्तावीस वर्षं एक मूलद्रव्य फक्त सूर्यावर राहत होतं!

मग विजयदुर्गाचे ओटे? ते खोटे नाहीत. लॉकियर विजयदुर्गाला आले होते, पण तीस वर्षांनी, २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी. मेल्पोमीनी या युद्धनौकेवरचे खलाशी त्यांच्या मदतीला होते. हिवाळ्यातलं स्वच्छ आकाश होतं आणि खग्रास अवस्था दोनेक मिनिटांची. तोवर हेलियम रॅमझेंच्या नळीत येऊन तीन वर्षं होत आली होती. आपण १८६८ ची तारीख आणि १८९८ चा ओटा एकमेकांना शिवले आणि एक गोष्ट तयार केली. राहू आणि केतूची गोष्ट निदान मुंडकं आणि धड वेगळं करते. आपण दोन वेगळ्या ग्रहणांचं मुंडकं-धड जोडून टाकलं.

ही चूक मला फार शिकवून गेली. राहूने सूर्य गिळला ही गोष्ट मी लहानपणीच सोडली होती. पण "आपल्या किल्ल्यावर हेलियम सापडला" ही गोष्ट मी सोडत नव्हते, कारण तिच्यात विज्ञान होतं, आणि आपण होतो. मराठीत म्हणतात, हा सूर्य आणि हा जयद्रथ. बोट दाखवून पुरावा समोर ठेवायचा. महाभारतातल्या त्या संध्याकाळचं ग्रहण शोधायला पुष्कळजण जातात, मला त्यात रस नाही. मला ती म्हण हवी आहे. कोणत्या तारखेला, कुठे उभं राहून, कुणी काय पाहिलं? ग्रहण हाच प्रश्न विचारतं. चंद्राच्या गडद सावलीचा पट्टा जेमतेम शंभर-दोनशे किलोमीटर रुंद असतो आणि ती एका जागी काही मिनिटं थांबते. एका ठिकाणाला खग्रास ग्रहण सरासरीने पावणेचारशे वर्षांतून एकदा येतं. अशा घटनेबद्दल ढोबळ बोलून कसं चालेल?

आणि खरं सांगायचं तर खोट्या गोष्टीपेक्षा १८९८ ची खरी गोष्ट जास्त श्रीमंत आहे. ती सावली विजयदुर्गाजवळ किनाऱ्याला लागली आणि तिरकी ईशान्येला गेली. सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊर स्टेशनाजवळ अमेरिकेतल्या लिक वेधशाळेचे कॅम्बेल होते. तिथेच पुण्याच्या सायन्स कॉलेजातले कावसजी दादाभाई नायगमवाला आपली उपकरणं घेऊन बसले होते. भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून पुण्यात उभ्या राहिलेल्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे ते प्रमुख. विदर्भात पुलगावला न्यूअल यांचा तळ होता. अमरावतीकडच्या तळणीला ॲनी माँडर आणि त्यांचे पती वॉल्टर. ॲनीबाईंनी ग्रीनिचच्या वेधशाळेत गणनेचं काम केलं होतं. लग्न झालं आणि विवाहितेला नोकरीत जागा नाही म्हणून ते सोडावं लागलं. त्या स्वतःच्या लहानशा कॅमेऱ्यासह वऱ्हाडात आल्या आणि सूर्याच्या प्रभामंडलातून निघालेल्या एका लांबच लांब झोताचं छायाचित्र त्यांनी मिळवलं. तेवढा लांब झोत त्याआधी कुणी टिपला नव्हता. तिथेच जॉन एव्हरशेड होते. पुढे ते कोडाईकनालला आले आणि सूर्यडागांतल्या वायूच्या प्रवाहाचा त्यांनी तिथे लावलेला शोध त्यांच्याच नावाने ओळखला जातो.

त्याच दिवशी ओरायन ग्रंथाचे कर्ते टिळक मात्र राजद्रोहाच्या खटल्यात शिक्षा होऊन तुरुंगात होते. मुंबई इलाख्यात प्लेग होता. आणि शंकर बाळकृष्ण दीक्षित पुण्यात आपल्या आयुष्याचे शेवटचे महिने जगत होते, ते एप्रिलमध्ये गेले. विजयदुर्ग, जेऊर, पुलगाव, तळणी हा पट्टा जोडून शाळांच्या सहली निघाल्या पाहिजेत. त्या ओट्यांवरही दिवस साजरा करावा. फक्त २२ जानेवारीला.

*

आता पुन्हा आमच्या माजघरात जाते, कारण काकूला तिथे निजवून आले आहे.

ग्रहणाचा भार नेहमी कुणाच्या अंगावर पडत आला? गरोदर बाईच्या. तिने चिरलं तर बाळाचा ओठ फाटतो, ही भीती. ओठाची घडण गर्भाच्या पहिल्या दोन-तीन महिन्यांतच पुरी होते. सातव्या महिन्यात विळीने भाजी चिरल्याने ती बिघडत नाही. काकू त्या दुपारी तीन तास हलली नाही, पाणी प्यायली नाही. मूल सुखरूप झालं आणि श्रेय मिळालं चटईला. पुढच्या काळात अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी ग्रहणात गरोदर बायकांना अंगणात आणून चष्म्यातून सूर्य दाखवला, भाजी चिरायला लावली. हा प्रयोग माझ्या मुसळाच्या प्रयोगापेक्षा कितीतरी धैर्याचा, कारण त्यात पणाला लागलेली गोष्ट परात नव्हती.

आणि दुसरा भार. ग्रहण सुटायच्या वेळी दारात दान मागायला माणसं येत. दान द्या, गिराण सुटू द्या, अशी हाक देत. ती माणसं कोण? गावाने ज्यांना वेशीबाहेर ठेवलं होतं ती. राहू-केतू त्यांच्या जातीचे, ते चंद्र-सूर्याला शिवले, म्हणून त्यांच्या भाऊबंदांना जुने कपडे आणि धान्य देऊन सोडवणूक करायची, अशी समजूत. जरा आपले शब्द बघा. ग्रहणाच्या सुरुवातीला आपण म्हणतो स्पर्श. नंतर काय करतो? आंघोळ. ज्या पुण्यात एके काळी काही माणसांची सावलीसुद्धा अंगावर पडू नये म्हणून निर्बंध होते, त्या मुलखात आकाशातली सावली विटाळाच्या भाषेत वाचली गेली, यात नवल नाही. आपण वर पाहतो तेव्हा बहुधा आपलंच अंगण वर पाहतो. म्हणून ग्रहण म्हणजे सावली आणि सावली म्हणजे प्रकाशाची अनुपस्थिती, एवढं साधं वाक्य शिकवणं हे माझ्या मते पदार्थविज्ञानाच्या तासापुरतं काम नाही. सावलीला जात नसते, हे आर्यभटांच्या गणितातून निघतं. ते काढायचं राहून गेलं होतं.

पथ्यांपैकी एक मात्र मी पाळते आणि तुम्हीही पाळा. सूर्याकडे उघड्या डोळ्यांनी बघू नका. ग्रहणाचे किरण वेगळे किंवा विषारी असतात म्हणून नव्हे. डोळ्याच्या पडद्याला वेदना कळत नाही, तो मुकाट्याने जळतो, म्हणून. प्रमाणित ग्रहणचष्मा घ्या. जुने एक्स-रे आणि काजळी धरलेली काच नको. नाहीतर गुरुजींची रीत. आरसा, काळा कागद, हरभऱ्याएवढं भोक, पांढरी भिंत. आरशातही बघायचं नाही, भिंतीवर बघायचं.

*

गुरुजींचा तो वर्ग पुढे रंगवला गेला. कोळशाचे सूर्य पांढऱ्या रंगाखाली गेले. आजीही गेली. मी जितकी जुनी होत जाते तितकं तिचं ते वाक्य मला मोठं वाटत जातं. तिला मुसळाचं बूड सपाट आहे हे माहीत होतं. तिला आकाशाकडे बघायची बंदी होती, तिच्या सासूने घातलेली, तिच्या सासूला तिच्या सासूने. मग तिने बघण्याची जागा घरात आणली. त्या दुपारी मी तिला शाळेत घेऊन गेले असते, तर तिने कोळसा आमच्यापेक्षा नेटका धरला असता. रांगोळीचा हात होता तिचा. मी तिला विचारलंच नाही. मी एकटीच परसदाराने निसटले.

२ ऑगस्ट २०२७, सोमवार. आषाढ अमावास्या, दिव्यांची आवस. त्या दिवशी इजिप्तमध्ये लक्सरच्या आसपास खग्रास ग्रहण सहा मिनिटांहून अधिक काळ दिसेल. आपल्याकडे दुपारनंतर सूर्याची थोडीशी कड झाकली जाईल, तीही पावसाळी ढगांनी दिसू दिली तर. मोठं काही नाही. पण त्या दिवशी घरोघरी समया, निरांजनं घासून पाटावर मांडली जातात. दिवे घासायला चिंच आणि राख लागते. आरशाला काळा कागद लागतो. दोन्ही आदल्या दिवशी काढून ठेवा.

आणि निसटताना परसदाराने एकटे निसटू नका. घरात जी कुणी आजी असेल तिला विचारा, "येतेस?"